रविवारच्या उपासनेला न येणारे आणि त्यांची नवी मंडळी

पायवाट (धागाकर्ती)

नमस्कार. विषय बरेच दिवस मनात घोळतो आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

प्रभूवर विश्वास आहे, निदान ओढ आहे, पण चर्चच्या बाकावर बसणं जमत नाही, अशी माणसं सगळीकडे आहेत. कुणाची रविवारी कामाची पाळी असते. कुणाला घटस्फोटानंतर लोकांच्या नजरा नको होतात. कुणी लहानपणापासून चर्चची पायरीच चढलेलं नसतं. कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, गीत कुठल्या पानावर आहे, काहीच ठाऊक नसतं आणि विचारायची लाज वाटते. या सगळ्यांना आपलं एकच ठरलेलं उत्तर असतं: "या ना रविवारी." म्हणजे यायचं त्यांनी, बदलायचं त्यांनी, आपण आपल्या जागी.

याच्या उलट बाजूने विचार इंग्लंडमध्ये बराच झाला आहे. 2004 साली चर्च ऑफ इंग्लंडच्या एका अभ्यासगटाने ‘मिशन-शेप्ड चर्च’ हा अहवाल काढला. गटाचे अध्यक्ष होते बिशप ग्रॅहम क्रे. तिथे सगळा देश पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या ठरलेल्या हद्दीत, वाटलेला आहे, प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या पॅरिशच्या हद्दीत येतं. अहवालाचं म्हणणं असं की माणसं आता फक्त पत्त्यावर राहत नाहीत. त्यांची खरी ऊठबस कामाच्या ठिकाणी, मुलांच्या शाळेभोवती, छंदाच्या गटात असते. मग पॅरिशच्या जोडीने त्या त्या ठिकाणीही मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय, का उभी राहू नये? या प्रयोगांना ‘फ्रेश एक्स्प्रेशन्स’ असं नाव पडलं. मेथडिस्ट हे तिथलं दुसरं चर्चही सोबत आलं. तेव्हाचे कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी ‘मिक्स्ड इकॉनॉमी’ हा शब्द रुळवला. जुनं आणि नवं शेजारी शेजारी नांदेल, एकाने दुसऱ्याला गिळायचं नाही, असा त्याचा अर्थ. 2007 च्या कायद्याने तर बिशपला अशा गटांना रीतसर मान्यता देण्याची सोय केली, गट पॅरिशच्या हद्दी ओलांडत असला तरी.

मला यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट वाटते ती क्रमाची. हे लोक आधी ऐकतात. मग काहीतरी सेवा करतात. त्यातून ओळखी होतात, माणसं एकमेकांची होतात. मग कुणी येशूविषयी विचारू लागतं, शिष्यपणाची वाट सुरू होते. उपासना आकार घेते ती सगळ्यात शेवटी, आणि तीही त्या माणसांना झेपेल अशी. आपल्याकडे नवा गट काढायचा म्हटलं की पहिल्याच बैठकीत उपासनेची वेळ आणि गीतांची यादी ठरते. माणसं मग शोधायची.

एक उदाहरण मला विशेष आवडतं. बार्बरा ग्लासन या मेथडिस्ट पाळकबाई 1999 मध्ये लिव्हरपूलला आल्या. शहराच्या मध्यभागी त्यांना ना इमारत होती ना जमलेली मंडळी. सुरुवातीला त्या शहरात हिंडत राहिल्या, लोकांशी बोलत राहिल्या. त्यातून बोल्ड स्ट्रीटवरच्या एका पुस्तकाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लोक एकत्र पाव करू लागले. ‘समव्हेअर एल्स’ हे त्या मंडळीचं नाव, लोक तिला ब्रेड चर्च म्हणतात. मोठ्या टेबलाभोवती सगळे उभे, हात पिठात. ज्याला घर नाही तो आणि ज्याला नोकरी आहे तो शेजारी शेजारी कणीक मळतात. हात गुंतलेले असले की माणूस बोलतो, नजरेला नजर द्यावी लागत नाही ना. कणीक फुगायला वेळ लागतो, तेवढ्यात ज्याला हवं त्याने प्रार्थनेला बसावं. मग पाव भाजायचा, एकत्र खायचा, कुणाला तरी द्यायचाही.

आता माझा प्रश्न. असा गट म्हणजे शेवटी लोकांना रविवारच्या उपासनेपर्यंत आणणारा पूल आहे, की तीच त्यांची पूर्ण मंडळी? माझं स्पष्ट मत दुसऱ्या बाजूचं आहे. पूल समजून चालवला तर आलेल्या माणसाला कधी ना कधी कळतंच की आपल्याला इथून पुढे ढकलायचं ठरलेलं आहे. ज्याला आधीच एकदा कुठून तरी ढकललं गेलं आहे त्याच्याशी असं वागणं मला मान्य नाही.

तुमचं काय मत?

---

समईची वात

पायवाट ताई, चांगला विषय काढलात. मी मेसी चर्चबद्दल लिहिते, कारण हा प्रकार मी जवळून पाहिला आहे.

सुरुवात 2004 मध्येच, पोर्ट्समथजवळच्या काउप्लेन इथे. लुसी मूर आणि त्यांच्या चर्चमधल्या सोबत्यांना कळेना की मुलं असलेली कुटुंबं रविवारी का येत नाहीत. मग त्यांनी आठवड्यातल्या एका दुपारी, शाळा सुटल्यावर, महिन्यातून एकदा, मुलं आणि मोठी माणसं दोघांसाठी एकत्र कार्यक्रम ठेवला. बायबलमधल्या एका गोष्टीभोवती चित्रं, चिकटकाम, माती, रंग. मग छोटीशी उपासना. मग टेबलाशी बसून जेवण. आज हे अनेक देशांत चालतं.

यात मुलांना आईबापांपासून वेगळं करत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. संडे स्कूलमध्ये आपण मूल आत सोडतो आणि बाहेर थांबतो. इथे बाप मुलाच्या शेजारी बसून नोहाचं तारू रंगवतो आणि मुलगा त्याला विचारतो, "बाबा, बाकीच्यांचं काय झालं?" बापाला त्याचं उत्तर ठाऊक नसतं. तिथून जे बोलणं सुरू होतं ते कुठल्याही प्रवचनाने झालं नसतं.

एक अडचण मात्र राहतेच. महिन्यातून एकदा भेटून मंडळी बनते का? शिष्यपण घडायला मधले दिवस लागतात. त्या दिवसांत काय, याचं उत्तर मला अजून समाधानकारक मिळालेलं नाही.

---

उंबरठा

मी विरुद्ध बाजूने लिहितो. राग नसावा.

पॅरिशची ताकद अशी की शेजारी कोण बसणार हे तुम्ही निवडत नाही. म्हातारी बाई, बेकार तरुण, डॉक्टर, ज्याच्याशी तुमचा जमिनीवरून वाद आहे तो, सगळे एकाच प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या) मेजाशी. छंदाचा गट, समवयस्कांचा गट, पाव करणाऱ्यांचा गट, यात आपण आपल्यासारखेच जमवतो. डोनाल्ड मॅकगॅव्हरन भारतात मिशनरी होते. माणसांना आपली जात, भाषा, वर्ग न ओलांडता ख्रिस्ती व्हायला आवडतं, असं त्यांनी मांडलं आणि त्यावर चर्चवाढीचा सगळा सिद्धांत उभा राहिला. निरीक्षण खरं असेल. पण ते धोरण म्हणून स्वीकारलं की सवर्णांची वेगळी मंडळी आणि दलितांची वेगळी मंडळी, यात चूक आहे असं म्हणायला आपल्याकडे काय उरतं? प्रेषित पौलाने गलतीकरांना पाठवलेल्या पत्रात नेमकं याविरुद्धच लिहिलं होतं.

अँड्र्यू डेव्हिसन आणि अ‍ॅलिसन मिलबँक यांनी 2010 मध्ये पॅरिशच्या बाजूने पुस्तक लिहिलं. उपासनेचं रूप म्हणजे वरचं वेष्टन नव्हे, रूप बदललं की आतला आशयही बदलतो, हा त्यांचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. आणि 2021 मध्ये ‘सेव्ह द पॅरिश’ चळवळ लंडनमधून सुरू झाली ती उगाच नाही. नव्या प्रयोगांना निधी मिळतो आणि जुन्या चर्चला पाळक मिळत नाही, ही तिथल्या लोकांची खरी वेदना आहे.

ब्रेड चर्चचं उदाहरण चांगलं आहे हे मान्य. तिथे निरनिराळ्या थरांतले लोक आले. पण ते अपवाद म्हणून चांगलं आहे.

---

कोरा कागद

मी इथे सहसा फक्त वाचते. पण वर जे "बाहेरचे लोक" म्हणून चाललं आहे त्यांतली मी एक आहे, म्हणून लिहिते.

मी ख्रिस्ती घरातली नाही. नवरा गेला त्यानंतरच्या काळात एका मैत्रिणीमुळे एका छोट्या गटात जाऊ लागले. आठवड्यातल्या एका संध्याकाळी भेटतो. शुभवर्तमानातला एक उतारा वाचतो, मग प्रत्येकाने यातलं काय पटलं आणि काय नाही पटलं ते सांगायचं. "नाही पटलं" म्हणायची मुभा आहे, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं. येशू मेलेल्या लाजरसाला जिवंत करतो तो उतारा आला त्या दिवशी मी म्हटलं, "त्याला उठवलं, माझ्या माणसाला का नाही?" कुणी उत्तर दिलं नाही. कुणी वचनही काढून दाखवलं नाही. शेजारच्या बाईंनी माझा हात धरला आणि पुढचा उतारा वाचायचं त्या दिवशी सगळ्यांनी रद्द केलं.

मैत्रिणीबरोबर मोठ्या चर्चमध्येही जाऊन आले. लोक चांगले होते. पण दारातच विचारलं गेलं, "तुमचा बाप्तिस्मा झालाय का? मिस्टर कुठे असतात?" पुन्हा जावंसं वाटलं नाही.

उंबरठा दादा, तुमचा शेजारी न निवडण्याचा मुद्दा मला पटतो. पण तुमच्या त्या बाकापर्यंत मी पोहोचलेच नसते हो.

---

दीपमाळ

या चर्चेत ‘नवे’ हा शब्द वारंवार येतो आहे, म्हणून थोडा इतिहास.

पहिली तीन शतके मंडळी मुख्यतः घरांतच भरत असे. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरची मंडळी रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात भेटते. सीरियातील दुरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातले एक घर उत्खननात सापडले, त्यात एका खोलीत बाप्तिस्म्याचा कुंड आणि भिंतींवर चित्रे आहेत. बाहेरून पाहिले तर शेजारच्या घरांसारखेच घर.

मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली 1739 मध्ये ब्रिस्टलजवळ उघड्यावर प्रवचन करू लागले, कारण खाणकामगार चर्चमध्ये येत नव्हते. 1742 मध्ये तिथल्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी ठरले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि साधारण बारा जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती गोळा करावी. पेनी गोळा करणाऱ्याला घरात कोण आजारी आहे, कोण दारू पितो, कोणाचे भांडण आहे हे दिसू लागले. वसुलीतून ‘क्लास मीटिंग’ जन्मली. समईची वात यांनी मधल्या दिवसांबद्दल विचारले आहे, त्याचे एक उत्तर मला इथे दिसते.

जपानमध्ये उचिमुरा कान्झो यांनी 1901 मध्ये ‘मुक्योकाई’ नावाचे मासिक काढले. चर्चविना ख्रिस्तीपण ही त्यांची भूमिका. इमारत नाही, दीक्षित पाळक नाही, बायबलचा सखोल अभ्यास हेच केंद्र. आणि उचिमुरा यांच्याच जन्मवर्षी, 1861 मध्ये, जन्मलेले आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांनी आयुष्याच्या शेवटी मिशनची नोकरी सोडली आणि 1917 मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तशिष्यांचा बंधुभाव त्यांना हवा होता. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. मुक्योकाई मात्र अजून आहे. मला वाटते फरक असा की उचिमुरांच्या मागे एकेका गटाला शिकवणारे शिष्य उभे राहिले. टिळकांना तेवढा वेळच मिळाला नाही.

कोरा कागद यांचा प्रतिसाद वाचून टिळकांना या धाग्याचे नवल वाटले नसते, एवढे नक्की.

---

जुना हिशेबनीस

तात्त्विक चर्चा चालू द्या. मी व्यवहाराचे लिहितो, कारण असे गट बहुधा श्रद्धेच्या प्रश्नावर फुटत नाहीत, किल्ली आणि पैसा यावर फुटतात.

गट छोटा असतो तेव्हा दानार्पण एका डब्यात पडते आणि डबा गटप्रमुखाच्या घरी जातो. माणूस प्रामाणिक असतो, सगळ्यांना ते माहीतही असते. पण हिशेब लिहिला जात नाही. मग कुणाच्या तरी शस्त्रक्रियेला मदत दिली जाते, दुसऱ्या कुणाला दिली जात नाही, आणि कुजबुज सुरू होते. पहिल्या दिवसापासून दोघांनी मिळून रक्कम मोजावी, वहीत लिहावी, दोघांनी सही करावी. ते दोघे एकाच घरातले नसावेत. गट दहा जणांचा असला तरी.

मुले असतील तर अधिक जपायला हवे. कुणीही मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नसावा. नव्याने आलेल्याला, तो कितीही उत्साही असला तरी, लगेच मुलांचे काम देऊ नये. घरगुती वातावरणात हे नियम परक्यासारखे वाटतात, लोक म्हणतात "आपलीच माणसे आहेत." मोठ्या चर्चांमध्ये जे अत्याचार उघडकीस आले तिथेही हेच म्हटले जात होते.

आणि सर्वांत अवघड प्रश्न: प्रमुखाला जाब कोण विचारणार? जुन्या चर्चमध्ये वडील असतात, समिती असते, वर बिशप किंवा सिनड असते. तक्रार न्यायला एक दार असते. ते दार नेहमी उघडते असे नाही, पण असते. स्वतंत्र गटात एक प्रभावी माणूस असतो आणि बाकीचे त्याचे ऋणी असतात. माझ्या ओळखीचा एक गट असाच संपला. प्रमुखाविरुद्ध बोलणाऱ्या बाईला "तुझा विश्वास कमी पडतो" असे सांगण्यात आले. तिला जायला दुसरी जागा नव्हती. म्हणून पायवाट यांनी सांगितलेली, बिशपच्या आदेशाने मान्यता देण्याची इंग्लंडमधली पद्धत मला आवडते. रूप मोकळे, पण वर नजर ठेवणारे कुणीतरी, आणि ठरावीक काळाने फेरतपासणी.

गट सुरू करतानाच लिहून ठेवा की प्रमुख गेला किंवा आजारी पडला तर पुढे कोण, आणि गट बंद झाला तर शिल्लक पैसा कुठे जाईल. अशुभ बोलणे नाही हे.

---

पायवाट

सगळ्यांचे आभार. हिशेबनीस काका, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. आमच्या गटात वही अजून सुरू व्हायची आहे, ती आता होईल.

उंबरठा दादा, आपल्यासारखेच जमवण्याचा धोका खरा आहे. पण आपल्या रविवारच्या बाकांकडे नीट पाहिलं तर तिथेही कोण कुठे बसतं हे ठरलेलं असतंच की. पॅरिशचा नकाशा सगळ्यांना सामावतो, पॅरिशचं चर्च नेहमी सामावत नाही. निधीच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. जुन्या चर्चचा पाळक काढून नवा गट उभा करणं हे मिक्स्ड इकॉनॉमीत बसत नाही.

थोडे आकडे. चर्च आर्मी या अँग्लिकन सुवार्ता संस्थेच्या संशोधन विभागाने 2016 च्या अहवालात इंग्लंडमधल्या 21 डायोसिसमध्ये (एकेका बिशपच्या प्रांतात) असे 1,109 गट नोंदवले. एकेका गटात सरासरी पन्नासच्या आसपास माणसं. गट चालवणाऱ्यांत बरेच जण असे निघाले की ज्यांना ना दीक्षा, ना प्रशिक्षण, ना कुठलं अधिकृत पद. त्यांच्यासाठी संशोधकांना वेगळा शब्दच करावा लागला, ‘ले-ले’. हे वाचून मला फार उमेद आली. काही गट बंदही पडले. मला त्यात अपयश दिसत नाही. माणसं पांगली तर ती कुठे गेली, कुणी त्यांची विचारपूस करतं का, हे पाहावं.

---

ओंजळ

दीपमाळ, मुक्योकाईत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन नाही ना? मग याला मंडळी कसं म्हणायचं? साल्व्हेशन आर्मी आणि क्वेकर हे ख्रिस्ती पंथही ते करत नाहीत हे माहीत आहे, तरी मला ते रुचत नाही. शेवटच्या भोजनात येशूने "हे करा" म्हटलं होतं.

---

शेतातला सेवक

मी दीक्षित पाळक आहे, म्हणून ओंजळ ताईंच्या प्रश्नावर लिहितो.

माझ्या मते हे दोन विधी सोडू नयेत. नव्या गटांना ते नाकारूही नयेत. अँग्लिकन परंपरेत, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेत, प्रभुभोजनाचा विधी दीक्षित प्रेस्बिटरच (पाळकच) चालवतो. ब्रिटनमधल्या मेथडिस्ट चर्चमध्ये, जिथे लोकांना प्रभुभोजन मिळतच नाही अशी स्थिती असेल, तिथे अदीक्षित व्यक्तीला ठरावीक काळासाठी अधिकृत परवानगी देण्याची तरतूद आहे. म्हणजे वाट काढता येते.

अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये 2008 साली सेंट लिडियाज नावाची मंडळी सुरू झाली. तिथे पूर्ण जेवण हेच प्रभुभोजन. लोक येतात, मिळून स्वयंपाक करतात, सुरुवातीला भाकर मोडून आशीर्वाद, मग जेवण, वचन, बोलणे, शेवटी प्याला, आणि मग मिळून भांडी घासणे. ‘डिनर चर्च’ हे नाव त्यातून पसरले. मला हे पहिल्या शतकाच्या जवळचे वाटते. पण पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात खडसावले ते नेमके अशाच जेवणावरून: एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन मस्त होतो. जेवणाची मंडळी काढायची तर उशिरा सुटणाऱ्या कामगाराचे ताट राखून ठेवले आहे का, हे आधी पाहावे.

पायवाट ताईंच्या मूळ प्रश्नावर: मी अशा एका गटाकडे जातो. त्यांना मी रविवारी बोलावत नाही. गेल्या पावसाळ्यात त्या गटातल्या एका म्हाताऱ्या बाबांना दवाखान्यात ठेवले तेव्हा गटाने रात्रीच्या पाळ्या लावल्या. मला कळले ते दोन रात्री उलटल्यावर. माझ्या रविवारच्या मंडळीत ही पाळी लावायला मला घोषणा करावी लागते. त्या गटाला अपुरे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

---

उंबरठा

पाळकसाहेब, तुम्ही दोन्हीकडे आहात म्हणून हे जमते. तुमच्यासारखा दुवा नसेल तर दोन्ही बाजू एकमेकांना विसरतील. माझा विरोध याच भीतीपोटी आहे. गटातले लोक वर्षातून काही वेळा तरी मोठ्या मंडळीसोबत मेजाशी यावेत, आणि मोठ्या मंडळीने त्यांच्याकडे जावे, पाहुणे म्हणून, शिकवायला नव्हे. एवढे झाले तर माझी हरकत बरीच कमी होईल.

---

कोरा कागद

सेवक सर, एक विचारायचं होतं. मला बाप्तिस्मा घ्यावासा वाटू लागलाय, पण अनोळखी दोनशे माणसांसमोर नाही. माझ्या गटासमोर, त्या खोलीत, होऊ शकतो का? आणि तो धरला जाईल का?

---

शेतातला सेवक

ताई, होऊ शकतो, आणि पूर्ण धरला जाईल. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा जागेमुळे कमीजास्त होत नाही. तुमच्या भागातल्या ज्या पाळकांशी गटाचा संबंध आहे त्यांना बोलवा. नोंद त्यांच्या चर्चच्या नोंदवहीत करून घ्या आणि दाखला मागून घ्या. साक्षीदार म्हणून त्या मोठ्या मंडळीतले एकदोघे आले तर उत्तम, उंबरठा यांचे म्हणणेही त्यात राखले जाईल. तयारीसाठी घाई करू नका. लाजरसाचा प्रश्न तयारीच्या भेटींत पुन्हा विचारा. त्याचे उत्तर आधी मिळालेच पाहिजे अशी अट नाही.

पाळक नाही म्हणाले तर मला निरोप करा, मी त्यांच्याशी बोलतो.

---

कोरा कागद

बरं. या आठवड्यात गटात विषय काढते. त्या शेजारच्या बाईंना साक्षीदार व्हाल का म्हणून विचारणार आहे.